सात शब्दांचा श्वास

पौषातली सकाळ. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर दव, दवावर कोवळं केशरी ऊन, आणि उन्हात, काल ठोकलेल्या फळ्यांचा रिकामा रंगमंच.

रंगमंचावर श्रावणबापू बारसागडे. वय एकाहत्तर. झाडीपट्टीच्या नाटकांचे पन्नास हिवाळे ज्यांच्या आवाजाने उबदार झाले ते नट. स्वतःची नाटकं स्वतः लिहिणारे नाटककार.

‘नावाडी’ त्यांनी ऐन तिशीत लिहिलं, स्वतःच्या छातीच्या मापाने. शेवटी नावाडी पुरातल्या वैनगंगेला ‘माय’ म्हणून साद घालतो. एक वाक्य, बेचाळीस शब्द, एकच श्वास. पुरासारखं फुगणारं, पुरासारखं ओसरणारं. श्वास सरे तिथे टाळी उसळे.

यंदा आषाढात फुप्फुसं आजारली. आता श्वास सातव्या शब्दावर तुटतो. त्यांनी मोजलंय. रोज सकाळी, रोज सात.

आणि आज रात्री प्रयोग.

“माइक आहे ना जी,” मंडळाचा व्यवस्थापक मोरेश्वर म्हणाला.

“माइक आवाज मोठा करते, मोरेश्वर. श्वास लांब नाही करत.”

“मंग गेल्या सालची रेकॉर्डिंग लावू. तुमी ओठ हालवा फक्त. कोनाले समजन?”

“नावाड्याले समजन ना!”

ते तिथेच फळ्यांवर बसले. वही मांडीवर, पेन हातात. रजतवसना गेली. तरंगमालिनी गेली. तिशीत जीव लावलेलं एकेक विशेषण, पिकलं पान गळावं तसं, गेलं. सात शब्द उरले की पूर्णविराम. पूर्णविरामावर वल्ह्याचा एक फटका. वल्ह्यावर वाकलं की छाती भरून घेता येते; बघणाऱ्याला दिसते ती नाव चालताना.

चाळीस वर्षं त्यांच्यासमोर नायिका झालेली त्यांची बायको वच्छला शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, जाऊन उभी राहिली. शेवटचा प्रेक्षक बसतो तिथे. ऐकू आलं तर हात वर करायचा, एवढंच ठरलं. माइक बंद.

पहिल्यांदा हात हलला नाही.

दुसऱ्यांदा धुऱ्यावरून तिचाच खणखणीत आवाज आला, “बगळ्याइले सांगता का जी? मले काईच नाही आलं!”

बापू हसले. हसण्यात एक श्वास गेला. त्यांनी तो परत येऊ दिला. पाय रोवले. वल्हं धरलं.

“माय, मी म्हातारा झालो. नाव नाही झाली.”

सात शब्द. दव ओलांडून, धसकटं ओलांडून, बांधीमागून बांधी ओलांडून गेले.

दूर धुऱ्यावर हिरव्या बांगड्यांत ऊन चमकलं. बगळे उडाले. हात वर होता.

वल्हं वाकलं. छाती भरली. नाव निघाली.