कडू कीस आणि गुलाबी सारा

“डोळे वर ठेव गं, कुमुद. दोन बोटं माती, त्याहून खोल नाही. अन् मुळावर कोंबाचा डोळाच नसेल तर ते नुसतं मूळ, जन्मात फुटायचं नाही.” सिमल्याच्या सरकारी बंगल्यात तात्याराव लेकीला पिओनी या फुलझाडाची मुळं लावायला शिकवायचे. तीस वर्षांनंतरही कुमुदिनीच्या कानात तो आवाज ओलाच होता.

जातीचं नाव सारा बर्नहार्ट. नव्वदीला टेकलेली फ्रेंच जात. पाकळीत पाकळी, तिच्या आत पाकळी, गुलाबी, पहाटेच्या गालासारखी. फूल इतकं जड की पावसात मान टाकतं, काठीचा आधार मागतं. वास असा की शेजारीण कुंपणाशी थबकावी. एकदा रुजली की माणसापेक्षा जास्त जगते; फक्त हिवाळा कडक हवा. तात्याराव गेल्यावर कुमुदिनीनं मुळं दिल्लीला आणली. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये सहा वर्षं नुसती पानं.

पंचाण्णवच्या दिवाळीत गुडगावच्या नव्या फ्लॅटमध्ये दोन दारांचा फ्रिज आला. “मिळाला सिमला!” कुमुदिनीनं जाहीर केलं आणि मुळं वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात झोपवली.

शिवरात्रीला ती देवळात गेली आणि तिच्या नवऱ्याला, सूर्यकांतला, प्रेमाचं भरतं आलं. त्यानं रताळ्याचा कीस केला. कडवट लागला म्हणून गूळ घातला. कुमुदिनीनं बशी पुसून खाल्ली. “छान झालाय हो.” संध्याकाळी टोपलीत रताळी जशीच्या तशी दिसली, आणि सूर्यकांतनं भाजीचा कप्पा उघडून पाहिला: रिकामा. सासऱ्यांची शेवटची आठवण त्यानं किसली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं नर्सरीतून डेलियाचे कंद आणून त्याच कागदात गुंडाळले. कुमुदिनीनं ते बाल्कनीतल्या कुंडीत लावले.

“अहो, रोज सकाळी साराच्या पायाशी बर्फ घाला.”

त्यानं घातला.

“आणि गुड मॉर्निंग म्हणा. तिला बोललेलं आवडतं.”

तो म्हणाला. बाल्कनीत, शेजाऱ्यांदेखत.

एप्रिलअखेर भलंमोठं गुलाबी फूल आलं. शेजारच्या कल्पनाजींनी नाक लावलं. “भाभीजी, खुशबू तो है ही नहीं!”

“जुकाम है आपको,” कुमुदिनी म्हणाली.

मग तिनं कुंडी सोसायटीच्या पुष्पप्रदर्शनात मांडली. परीक्षक होते सिमल्याचे निवृत्त बागाधिकारी. ते टेबलाजवळ येऊ लागले तसा सूर्यकांत पुढे धावला. चारचौघांत बायकोचं हसं होणार!

“कुमुद, उचल ती. हा डेलिया आहे. शिवरात्रीला मी… रताळी समजून… तो कीस…”

“कार्ड वाचा.”

कार्डावर लिहिलं होतं: डेलिया. मेहनत: सूर्यकांत.

“तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या घासाला.” तिनं फुलाला काठी नीट टेकवली. “आणि डोळे असलेली मुळं मी दिवाळीतच धाकट्या बहिणीकडे, हेमांगीकडे सिमल्याला पाठवली होती. कप्प्यात होती ती आंधळी मुळं. बाबांच्या हातची, टाकवेनात. दिल्लीपुढे हरले, हे तुम्हाला सांगायला जीभ उचलेना.”

“मग दोन महिने मला बर्फ का घालायला लावलास?”

“कीस फार कडू होता हो.”