सगळ्या खाणीची शिदोरी

राहीनं एकदा मनावर घेतलं की देवाचीसुद्धा काय बिशाद, असं वाडीत म्हणायचे. उगाच नाही म्हणायचे.

तिचा नवरा लवू पावस गावच्या वाटेवरल्या जांभ्या चिऱ्यांच्या खाणीत कामाला होता. थंडीत हिवतापानं त्याला असा पिळून काढला की शिमगा सरला तरी अंगात जीव येईना. कापलेला चिरा उचलायचा तर पाय लटपटायचे. खाणीचा मुकादम वजीरभाई माणूस वाईट नव्हता, पण खाण म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. शनिवारी त्यानं सांगूनच टाकलं, "लवू, पुढचा आठवडा बघतो. उभा राहिलास तर राहिलास. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

नाहीतर म्हणजे मुंबई, दुसरं काय? चुलतभाऊ तिथं गिरणीत होताच. लवूनं घरी येऊन माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि पुसून भिंतीशी ठेवली.

राहीनं ट्रंककडे बघितलं. मुंबईला गेलेला नवरा म्हणजे शिमग्या-गणपतीचा पाहुणा, आला म्हणेपर्यंत निघाला. तिला पाहुणा नको होता, नवरा हवा होता.

"ट्रंक ऱ्हाऊं दे तिथंच," ती म्हणाली. "मी तुमाला उभं करतंय."

रविवारी तिनं आठवड्याची नाचणी दळली, कुळीथ मोडाला बांधले, सुकट भाजून खोबऱ्याबरोबर चटणी कुटली. सोमवारी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, कुळथाची कोरडी उसळ केली, शेवग्याचा पाला परतला. पातळ काही द्यायचं नाही, उन्हात आंबतं. बाटलीत कोकमाचं पाणी दिलं, आणि डब्यावर फडकं बांधताना मनात म्हणाली, आता बघू हा कसा पडतो ते.

संध्याकाळी डबा आला तो चाटूनपुसून रिकामा, आणि लवू आला तो उंबऱ्यातच बसला. राही चक्रावली. एवढं अन्न गेलं कुठं? मंगळवारी दुपारी ती सरळ खाणीवर गेली.

गडी काजूच्या सावलीत बसले होते. मधे केळीचं पान. ज्यानं त्यानं आपली शिदोरी पानावर ओतली आणि सगळ्यांचे हात एकदम पडले. खाणीवरची रीतच ती, तिथं माझं-तुझं नव्हतं. राहीच्या भाकऱ्या बघता बघता उडाल्या. लवूच्या वाट्याला आला शेजारच्या चिमाच्या घरचा भात आणि लोणच्याची फोड. गावात भाताची गिरणी लागल्यापासून वाडीला त्या पांढऱ्याशुभ्र भाताचं भारी कौतुक, आणि नाचणी न्यायची म्हणजे लाज. आपल्या घरची न्यायची लाज हो, राहीच्या घरची खायची नाही!

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी आपलं बाजूला बसून खावा."

"सगळ्यांच्या देखत डबा लपवून खाऊ?" लवू म्हणाला. "त्यापेक्षा मुंबई बरी."

एकटा खाणारा माणूस राहीलाही नवरा म्हणून नकोच होता. तिनं पदर खोचला आणि चिमाचं अंगण गाठलं.

नवऱ्याला भाताऐवजी नाचणी दे, हे ऐकून चिमा फणकारली. "माज्या घोवाला भातच लागतो."

"मग माज्या भाकरीवर पयला हात कुणाचा पडला गो? मी डोळ्यांनी बगून आलंय."

चिमाला हसू आवरेना. राहीनं तेवढ्यात दामटलं, "त्या भातावर तुजा घोव तरी घरी येऊन काय करतो? ओंडक्यासारखा पडतोच ना? पान एक हाय तर शिदोरीपण एकच करूया. भाकऱ्या माज्या नि तुज्या. उसळ, चटणी, पाला बाकीच्या बघतील. त्यांना मी सांगतंय."

दिवेलागणीपर्यंत तिनं एकेक दार पालथं घातलं. कुणी नाकं मुरडली, कुणी टोमणे मारले, पण नाही म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

बुधवारी पानावर नाचणीचा ढीग पडला. सगळे पोटभर जेवले, आणि लवूच्या पुढ्यात जेवण झाल्यावरही अर्धी भाकरी उरली. चार दिवसांत कुणी भीम होत नाही, पण भरल्या पोटाचे पाय वेगळे पडतात. शनिवारी तो सावकाश, पण दिवसभर चिरे वर देत राहिला, मधे बसला नाही. काम सुटताना वजीरभाई एवढंच म्हणाला, "सोमवारी ये."

लवूनं घरी येऊन हे सांगितलं आणि ट्रंक माळ्यावर चढवायला घेतली.

"थांबा," राही म्हणाली. तिनं झाकण उघडलं आणि पुढल्या आठवड्याच्या भाकऱ्यांची सगळी नाचणी आत ओतली. ट्रंक काठोकाठ भरली. "हिला आता हितंच काम हाय. जात्यापाशी न्यायला हवी, धरा तिकडून."

लवूनं तिला हातानं बाजूला सारलं, खाली वाकून ट्रंक एकट्यानं उचलली आणि जात्यापाशी नेऊन ठेवली.