सपासप चालणारे हात

ताईचं कुणी ऐकलं नाही तर तिला राग यायचा, पण ती स्वतः कुणाचं ऐकेल तर शपथ! डॉक्टरचं नाही, नवऱ्याचं नाही आणि धाकट्या बहिणीचं तर मुळीच नाही. ऐकायची ती फक्त मोबाइलवरच्या एका चॅनेलचं. त्यातली हसरी बाई गोड आवाजात म्हणायची, "मैत्रिणींनो, आता कष्ट पुरे!" की ताई पैसे भरून मोकळी. एकदा चुकून लसूण सोलायची नळी बघितली, तर मग बातम्या लावा नाहीतर हवामान, मध्येच ती नळी हजर. बिचारी नको तरी किती वेळा म्हणणार? शेवटी घेतलीच. एक स्वतःला आणि एक धाकटीला.

आता गंमत अशी, की ती हसरी बाई नुसतीच हसायची. कापताना, किसताना, सोलताना जे हात दिसायचे ते होते धाकटीचे! ती त्याच चॅनेलच्या स्टुडिओत कामाला होती. घरी मात्र "ऑफिसात कॉम्प्युटरचं काम आहे" असं सांगून ठेवलेलं. ताईने पोटाला चिमटा काढून शिकवलं आणि आपण दिवसभर दिव्यांखाली कांदे कापतो, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात ते गाजर कापायचं यंत्र आलं. व्हिडिओत धाकटीने एका बोटाने मूठ दाबली आणि चकत्या सपासप पडल्या. पडतील नाहीतर काय! गाजरं आधी अर्धवट उकडून गार केलेली होती. कच्च्या गाजराला ते यंत्र हातच लावत नव्हतं.

ताई एका कारखान्याचं कॅन्टीन चालवायची. रविवारी धाकटी तिच्या घरी गेली, तर ही ओट्यापाशी स्टुलावर बसलेली, समोर ते यंत्र आणि त्यात अर्ध्यावर अडकलेलं गाजर. चेहरा अगदी उतरला होता.

"माझे हात गेले गं," ताई म्हणाली. "ती बाई एका बोटाने दाबते. मी दोन्ही हातांनी लटकले तरी हे जागचं हलत नाही. उद्या मॅनेजरला सांगून टाकते, कॅन्टीन दुसऱ्या कुणाला तरी द्या. माणसांची जेवणं आहेत, पोरखेळ नाही."

कॅन्टीन म्हणजे ताईचा जीव. ते सुटलं तर ही बाई खिडकीत बसून बसून खरोखरच म्हातारी होईल. धाकटीने मनाचा हिय्या केला आणि सगळं सांगून टाकलं.

ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "ते हात तुझे? अगं, तुला धड लिंबू पिळता येत नाही! माझं मन राखायला काय काय रचशील!"

"गाजर उकडलेलं होतं, ताई."

"हो का? मग व्हिडिओखाली एवढ्या बायकांनी मस्त, झकास म्हणून लिहिलंय, त्या काय वेड्या?"

घ्या! सख्खी बहीण खोटी आणि कुठल्या कोण अनोळखी बायका खऱ्या. धाकटीने कपाळावर हात मारून घेतला.

"जाऊ दे, निदान जेवायला तरी घाल," ती म्हणाली.

ताईने कुरकुरत यंत्र बाजूला सारलं, आपली जुनी सुरी घेतली आणि कांदे, कोबी, ते अडकलेलं गाजर, सगळं कापायला लागली. तोंडाने हात गेल्याचं रडगाणं, आणि हात बघावेत तर नुसते धावतायत! धाकटी बघतच राहिली. मग तिने गुपचूप फोन साखरेच्या डब्याला टेकवून समोर उभा केला.

जेवून ताई जरा पडली, तेवढ्यात धाकटीने व्हिडिओतून तिचा ओटा, बांगड्या, पदर सगळं छाटून टाकलं. राहिले ते फक्त हात, सुरी आणि भाजी. उजेड वाढवला, चॅनेलची धून लावली आणि चहाच्या वेळी फोन पुढे केला. "ताई, नवा व्हिडिओ आलाय बघ."

स्वतःचे हात समोरून कोण कधी बघतं? ताईने चष्मा लावला. कोबीची बारीक जाळी पडायला लागली तशी ती पुढे सरकली.

"अगं बाई! याला म्हणतात कापणं. ती यंत्रवाली हिच्यापुढे पाणी भरेल." तिने व्हिडिओ पुन्हा बघितला. मग हळूच म्हणाली, "बाई काही तरुण वाटत नाही गं. माझ्याच वयाची असेल."

"असेल की."

"तरी काय चपळ आहे! सुरीच चांगली असणार. मागव ना मला. कितीला आहे?"

धाकटीने ओट्यावरची सुरी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली.

ताईने सुरीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, पुन्हा सुरीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"म्हणजे ते गाजर खरंच उकडलेलं होतं?"

"हो गं ताई."

धाकटीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. एवढी ताकद गेलेल्या हातांत नसते, हे धाकटीला पाठ चोळताना बरोबर कळलं.

"मग उद्या मॅनेजरकडे जाणार ना?" तिने विचारलं.

"कशाला? मला दुसरी कामं नाहीत?" ताईने पदराने डोळे पुसले आणि फोन जवळ ओढला. "लाव बघू पुन्हा तो व्हिडिओ. आता मला नीट बघू दे."