घाटातला तिसरा गिअर

हिवाळ्यातल्या सकाळी इंदिरानगरच्या त्या गल्लीत उन्हाच्या आधी एक आवाज पोचायचा. चोक ओढल्यावर इंजिन दोनदा खोकायचं, क्षणभर गप्प व्हायचं आणि मग संथ, घनगंभीर लयीत बोलू लागायचं. तोवर नलूआत्या बाहेर उभी राहून सुती फडक्याने बॉनेटवरचं दव टिपत असायची, न्हालेल्या लेकराचं अंग टिपावं तितक्या हलक्या हाताने. गाडी साठच्या दशकातली, गोल पाठीची, फिकट मोरपंखी. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. बारीक चणीची, आणि आवाज न चढवता वर्ग शांत करणारी.

गाडी काकांनी, आत्याच्या यजमानांनी, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतली होती. काका अकाली गेले तेव्हा आत्या चाळिशीत होती. वर्षभर गाडी ताडपत्रीखाली निश्चल उभी राहिली, आणि जो भेटायला येई तो ती विकून टाकायला सुचवून जाई. आत्या कुणाशीच वाद घालत नसे. एका रविवारी ती एकटीच अंबडला गायकवाड मिस्त्रींच्या गॅरेजात गेली आणि मला चालवायला शिकवा म्हणाली. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, “बाई, शिकवेल ती गाडीच. मी नुसता शेजारी बसतो.”

त्यानंतरची चाळीस वर्षं त्या गाडीने गल्लीतल्या कितीतरी घरांचे प्रसंग वाहिले. कुणाची लेक बाळंतपणाला, कुणाचे वडील दवाखान्यात, परीक्षेला उशीर झालेली मुलं. आताशा सिग्नलला बाइकवरची पोरं मान वाकवून आत डोकावत, फोटो काढू का म्हणून विचारत. आत्या काच खाली करून हसत असे. या गाडीचं लोकांना एवढं काय वाटतं, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ही माणसाला घाई करत नाही, एवढंच असावं.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या दृष्टीचा मध्यभागच विरत चालला आहे; कडेचं दिसत राहील, पण समोरचे चेहरे पुसट होत जातील. ती रिक्षाने गेली होती, रिक्षानेच परतली. घरी पोचताच गाडीची किल्ली खुंटीवरून काढून तिने माझ्या हातात दिली आणि चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी तिने कपबशा दोनदा विसळल्या.

मग मुंबईहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. जुन्या गाड्यांवर त्यांचं खरंच प्रेम होतं. गाडी दिव्यांखाली, काचेमागे जपून ठेवू म्हणाले. आत्याने एकच विचारलं, चालवणार का. ते नाही म्हणाले, तेव्हा तिने त्यांना चहा पाजून निरोप दिला. मिस्त्री आता हयात नव्हते. गॅरेज त्यांची मुलगी सुजाता चालवत होती. आत्याने गाडी तिला देऊन टाकली. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “बाई, पहिली चक्कर तुम्हाला घेऊनच.”

माघातल्या एका सकाळी आम्ही तिघी आत्याच्या सासरी, चांदवडच्या पुढच्या गावी निघालो. सुजाता चालवत होती, मी तिच्या शेजारी, आणि आत्या मागच्या सीटवर. दोन्ही बाजूंनी काढणीला आलेल्या कांद्याचा ओलसर तिखट वास आत येत होता, आणि डोंगरांच्या निळसर कडा, जेवढ्या तिच्या दृष्टीच्या काठावर मावत होत्या तेवढ्या, ती मान तिरकी करून पाहत होती. चांदवड मागे पडलं, चढ लागला, इंजिनाचा स्वर किंचित जड झाला. सुजाताचा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याकडे गेला, तशी मागून आत्या म्हणाली, “थांब. अजून थोडं... आता. आता तिसरा टाक.”

गिअर लोण्यासारखा पडला. गाडी हिसका न देता चढू लागली. सुजाताने आरशातून मागे पाहिलं. एक वळण गेल्यावर आत्या अगदी सहज, बाहेर बघतच म्हणाली, “ह्यांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही गं. डोळे जायच्या आधीपासूनच. पण इथे गिअर बदलायच्या आधी ते किती थांबायचे, ते मात्र चुकत नाही.”

मी मागे वळले नाही. फक्त हात मागे नेला, आणि तिने तो बराच वेळ धरून ठेवला.

श्रावण सरता सरता आत्या गेली. गाडी सुजाता चालवते. महिन्यातून एकदा मला त्या घाटापर्यंत नेते. चढ सुरू होतो, तिचा हात दांड्यावर जातो आणि क्षणभर तसाच राहतो. काकांना तिने कधी पाहिलेलं नाही. काळ माणसांचे चेहरे एकेक करून परत मागून नेतो. पण कुणीतरी कुठेतरी किती थांबायचं, एवढं त्याच्या हाती लागत नाही, आणि गेलेली माणसं त्या थांबण्यात आपल्याजवळ बसून असतात.