वरच्या मजल्यावरून होणारा इन्सल्ट

मी प्रुफं तपासतो. सध्या हातात एक इंग्रजी-मराठी कोश आहे. सोमवारपर्यंत पानं परत आली नाहीत तर पुढचे भाग दुसऱ्याला देणार, असं छापखान्याच्या मॅनेजरनं सांगितलं. 'तुमचं वय झालं' असं तो म्हणाला नाही, पण फोनवर तेवढा वेळ गप्प राहिला.

आणि रोज पाच ते सात माझ्या डोक्यावर नाचाचा क्लास. वीस मुली, वीस जोड बूट. प्रत्येक धपक्याला हात हलतो आणि कागदावर नसलेले स्वल्पविराम माझी पेन्सिल स्वतःच देते.

वर जाऊन बोलायचं म्हणून दोनदा निघालो, दोनदा पाचव्या पायरीवरून परतलो.

"अहो, चिठ्ठी तरी लिहा," बायको म्हणाली. "कागदाला नाही ना घाबरत?"

त्याच दुपारी 'इन्सल्ट' हे क्रियापद तपासलं होतं. मूळ लॅटिन 'इन्सुल्तारे', म्हणजे अंगावर उड्या मारणे. त्यातल्याच 'साल्तारे'चा अर्थ नाचणे! मला इतका आनंद झाला की भान सुटलं. लिहिलं, 'आपण रोज पाच ते सात माझा इन्सल्ट करता. जरा हळू केलात तर आभारी राहीन.' वरच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली आणि पळालो.

पाचला बेल वाजली. दारात नाचाच्या बाई.

"मी इन्सल्ट केला? जिन्यात मान खाली घालून जाता तुम्ही, आणि इन्सल्ट मी केला?"

मी टेबलाकडे वळलो.

"बोला आता," बायको म्हणाली.

मी प्रुफाचं पानच पुढे केलं. "मूळ अर्थ... उड्या. तुम्ही वर, मी खाली. म्हणून."

बाईंनी दोनदा वाचलं. "म्हणजे ही तक्रार नाही?"

"नाही हो. नुसतं वर्णन."

बाई अशा हसल्या की शेजारचं दार उघडलं. "काका, क्लास बंद करा असं सरळ लिहायचं ना!"

"बंद नको. सोमवारपर्यंत फक्त..."

"सोमवारी काय आहे?"

मग सांगावंच लागलं, मॅनेजरचं गप्प राहणंसुद्धा. बायकोला मी हे सांगितलेलं नव्हतं.

बाई जिन्यातूनच ओरडल्या, "पोरींनो, बूट काढा! सोमवारपर्यंत काकांचा इन्सल्ट अनवाणी!"

सगळ्या इमारतीला कळलं. वर मऊ धपधप सुरू झाली. बायकोनं खुर्ची ओढली, चष्मा लावला.

"आणा ती पानं. मी मोठ्यानं वाचते, तुम्ही खुणा करा. आणि मध्ये अर्थ सांगत बसू नका."