वर्ष सरायच्या आत घेतलेली बंदूक

गुरुवारी सकाळी अनुराधाबाईंनी फोन उचलला, एक-दोन-तीन फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. पलीकडून टेलिफोन कंपनीच्या ध्वनिफितीतला माणूस शांत आवाजात वेळ सांगू लागला. नऊ वाजून चौदा मिनिटं, वीस सेकंद. समोर भिंतीवर घड्याळ होतं, मनगटावरही होतं. बाईंना वेळ कळायला नकोच होती.

तुम्ही म्हणाल, डोकं फिरलं की काय! नाही हो. बाई ठणठणीत होत्या. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेली बाई ती, एकसष्टाव्या वर्षीही डोळा घारीसारखा. फक्त मार्चमध्ये रघुवीर गेले, आणि आता नोव्हेंबर होता. आठ महिन्यांत घरातला फोन इतका गप्प झाला होता, की माणसाचा आवाज ऐकायचा तर असा फिरवून ऐकावा लागे.

कुणी वाईट वागलं होतं असंही नाही. आपली माणसं सभ्य. दिवाळीला मराठी मंडळाने बोलावलं नाही, आणि नंतर सुपरमार्केटमध्ये गाठ पडल्यावर एकीने हात हातात घेऊन सांगितलं, "आम्ही म्हटलं, तुम्हाला या वर्षी अवघडच वाटेल." तुम्हाला काय वाटेल ते आम्हीच ठरवून टाकलं! पूर्वी विधवेला कोपऱ्यात बसवत. आता तिच्या भावना जपतात, आणि कोपरा तोच राहतो.

बाईंच्या आठवड्यात जिवंत असा एकच तुकडा उरला होता. गुरुवार, दुपारी दोन ते चार.

चर्चच्या हॉलमध्ये एअरगनचा क्लब भरे. दहा मीटरवर कागदाचं कार्ड, हातात छऱ्याची बंदूक, अकरा सभासद, बहुतेक साठीपुढचे. रघुवीर तिथे वीस वर्षं जात होते. बाई आधी नुसत्या मागे बसून त्यांच्या कार्डावरचे गुण मोजायच्या. मग मधुमेहाने रघुवीरांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी स्वतःची बंदूक बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "घे, मार. मी मोजतो." पहिल्याच महिन्यात बाईंनी त्यांना मागे टाकलं. रघुवीर ते अख्ख्या क्लबला सांगत सुटले होते. मराठी मंडळात बाई कायम 'रघुवीरची बायको' होत्या, मार्चपासून 'बिचारी'. क्लबात त्या 'अनु' होत्या, आणि हिवाळ्याच्या लीगमध्ये क्लबच्या टीममध्ये पाचव्या.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

शिसं विषारी, म्हणून शिशाच्या छऱ्यांवर बंदी येणार अशी कुजबुज होती. कायदा झाला नव्हता, होईल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या हॉलमध्ये सकाळी लहान मुलांची नर्सरी भरायची, म्हणून क्लबच्या कमिटीने आधीच ठरवलं, जानेवारीपासून हॉलमध्ये शिसं बंद, फक्त कथलाचे छर्रे. झालं, क्लबात एकच गहजब! एकाने शिशाच्या डब्यांनी बागेतली शेड भरून टाकली. दुसरा नवी बंदूक घेणार होता, त्याने बेत रद्द केला. कायदा काय म्हणतो ते कळल्याशिवाय हात घालणार नाही म्हणाला. सेक्रेटरी माल्कमने कथलाचे चार जातींचे डबे आणले आणि प्रत्येकाला मारून बघायला दिले.

बाईंनी मारून बघितले. रघुवीरांच्या बंदुकीतून शिशाचे पाच छर्रे शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत बसायचे. कथलाचे बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत पसरले. चारही डब्यांची तीच गत.

"जुन्या नळीला हा हलका छर्रा मानवत नाही, बॅब," माल्कम म्हणाला. बर्मिंगहॅमची माणसं सगळ्या बायकांना बॅब म्हणतात. "कथील चालणारी नवी घ्यावी लागेल. नाहीतर..."

नाहीतर काय, ते त्याने सांगितलं नाही. बाईंना कळलं. नाहीतर गुरुवार संपला.

रविवारी उदयचा फोन आला. मुलगा रीडिंग नावाच्या गावात, आयटीत. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं, नेमाने.

"आई, ऑनेस्टली, ती गन विकून टाक ना आत्ताच. बॅन आला तर कोणी घेणार नाही."

"मी नवीन घ्यायचं म्हणतेय, उदय."

"नवीन? फॉर हूम?"

"माझ्यासाठी. मीच मारते ना?"

"आई, बाबांचा वर्ष पण नाही झाला. आत्या काय म्हणेल? जस्ट वेट, ओके?"

बिचाऱ्याला बाबांचं वर्ष म्हणायचं होतं. इंग्लंडात जन्मलेला पोरगा, मराठी असं लंगडत बोलायचा, पण 'वर्षभर नवीन वस्तू घ्यायची नाही' हा नियम त्याला तोंडपाठ होता! असली शिकवण बरी टिकते.

बाईंनाही तो नियम कळत नव्हता असं नाही. त्या रात्रभर तळमळल्या. रघुवीरांची बंदूक बाजूला ठेवून दुसरी उचलायची, हे त्यांच्या स्वतःच्याच जिवाला लागत होतं. त्यात लोकांची भर कशाला हवी होती?

मंगळवारी बस पकडून त्या दुकानात गेल्या. दुकानदारही म्हणाला, "घाई करू नका. बंदीचं काय होतंय ते बघा, मग घ्या." मुलगा म्हणतो थांब, दुकानदार म्हणतो थांबा. एकसष्टीच्या एकट्या बाईला सगळे एकच सल्ला देतात. कशासाठी थांबायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

"बंदी येवो न येवो," बाई म्हणाल्या, "मला जानेवारीत हॉलमध्ये उभं राहायचंय. कथील चालणारी दाखवा."

त्याने तीन दाखवल्या. बाईंनी तासभर लावला. मागच्या रेंजवर तिन्ही मारून पाहिल्या आणि तिसरी घेतली. दुकानदार फॉर्म भरताना गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "विचारावंच लागतं. अठरा पूर्ण झाली ना, बॅब?"

अनुराधाबाई हसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा खळखळून हसल्या, आणि लगेच डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या.

बातमी क्रॉयडनला नणंदेकडे पोचायला किती वेळ लागतो? उदयने आत्याला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी दारात गाडी उभी राहिली. गाडीतून वैजयंतीताई उतरल्या, रघुवीरांची थोरली बहीण. गाडी चालवत होते शशीभाऊजी, धाकटे दीर. आठ महिन्यांत दोघं पहिल्यांदाच येत होती.

कोट काढायच्या आधीच ताईंनी तोंड उघडलं. "अनुराधा, मी ऐकलं ते खरं?"

"खरं आहे, ताई. चहा टाकू?"

"चहा राहू दे. अगं, माझ्या भावाचं वर्ष व्हायचंय अजून! त्याच्या जाग्यावर नवीन वस्तू आणतेस, तीही बंदूक? मार्चपर्यंत चार महिने थांबली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? लोक काय म्हणतील?"

बाई खिडकीपाशी गेल्या. बाहेर ती निळी गाडी उभी होती.

"भाऊजी, ही गाडी कधी घेतलीत हो?"

शशीभाऊजी चुळबुळले. "झाली की तीन-चार वर्षं."

"तेव्हा तुमची बायको, अलका, जाऊन दोनच महिने झाले होते. चाकाखाली लिंबू मी ठेवलं होतं. ताई, तुम्ही पेढे आणले होते."

"पुरुषाचं वेगळं असतं," ताई म्हणाल्या. "त्याला बाहेर पडावं लागतं. घरात एकटा बसून तो खचला असता."

"आणि मी?"

ताई कोटाची बटणं सोडू लागल्या.

"लोक म्हणतील म्हणता, कोणते लोक? आठ महिन्यांत मी सगळ्यात जास्त कुणाशी बोललेय माहीत आहे?" बाईंनी फोन उचलला, एक-दोन-तीन फिरवला आणि रिसीव्हर नणंदेच्या कानाला लावला. "ऐका. हा माणूस. तो मला वेळ सांगतो, मी त्याला थँक यू म्हणते. दुसऱ्या कुणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, ताई. वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं."

ताईंनी रिसीव्हर कानाला धरला तो धरलाच. तिकडे तो माणूस वेळ सांगतच राहिला. शेवटी भाऊजींनी पुढे होऊन तो हलकेच काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"दाखवा वहिनी," ते म्हणाले, "नवी बंदूक."

ताई मात्र गाडीत जाऊन बसल्या. अजून बोलत नाहीत. उदय म्हणाला, "आई, तू भांडण का केला?" आणि दोन रविवार त्याचाही फोन आला नाही. धैर्याचं बक्षीस लगेच मिळतं असं सांगणारे लेखक असतात, त्यांना माझा नमस्कार. बाईंचं घर अजून तितकंच गप्प आहे. रघुवीरांची बंदूक कपाटात आहे. बाई महिन्यातून एकदा तिला तेलाचं बोट लावतात.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी बाईंनी कथलाचे दहा छर्रे मारले. शंभरात एक्क्याण्णव. पूर्वीपेक्षा कमीच. माल्कमने कार्ड मोजलं आणि फळ्यावर पाचव्या ओळीत नाव लिहिलं, अनु. घरी आल्यावर फोन वाजला. बाई दचकल्या, रविवारखेरीज तो वाजायची सवयच गेली होती.

"वहिनी, आज गुरुवार ना?" शशीभाऊजी विचारत होते. "किती झाले?"

वाचकहो, तुमच्याही फोनमध्ये असं एक नाव आहे. 'तिला अवघड वाटेल' म्हणून तुम्ही ते फिरवलेलं नाही. तिला काय वाटतं ते आज तिलाच विचारा. आणि ते नाव अनुराधाबाईंचंच असेल, तर गुरुवारी दुपारी दोन ते चार सोडून फोन करा. त्या वेळात त्या घरी नसतात.