टाचण्यांच्या गादीची साखर

सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक पायऱ्यांवर बसले, पायऱ्या संपल्या तेव्हा भिंतींना चिकटले. समोरच्या पडद्यावर एक भलंमोठं बोट दिसत होतं, आणि शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या औषधवालीने ते लगेच ओळखलं. बोटाच्या टोकावर सुयांचे जुने घट्टे होते. बोट तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

"सुई म्हणजे मानवजातीचा अपमान!" मंचावरचा करडा टी-शर्ट गरजला. "तुमचं बोट बोलतंय, मित्रांनो. आजवर कुणी ऐकलं नाही. आमचं ॲप ऐकतं! बोट कॅमेऱ्यावर ठेवा, डोळे मिटा, विश्वास ठेवा!"

विश्वासाचं कॅमेऱ्याशी काय काम, हे कुणी विचारलं नाही. माणूस कोट्यधीश असून बारा महिने एकच करडा टी-शर्ट घालतो, या साधेपणावर जनता लुब्ध होती. तसले टी-शर्ट त्याच्याकडे कपाटभर असणार, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

पडद्यावर हिरवा आकडा उमटला. साखर एकशे बारा. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हातारबाईंनी पडद्याला हात जोडले.

भावाने माइक हातात घेतला. तो शिंपी. उभ्या जन्मात गिऱ्हाईकाशिवाय कुणापुढे बोलला नव्हता, पण आज त्याला कंठ फुटला होता. "मी इन्सुलिन सोडलं," तो म्हणाला. "आता सुई फक्त कापडाला टोचतो!"

लोक हसले, उभे राहिले. औषधवालीला मात्र आपल्या दुकानातला फ्रिज आठवला. त्याच्यासाठी बाजूला काढलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या त्यात तशाच पडून होत्या. तिला वाटलं होतं, वहिनी दुसरीकडून नेत असेल.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती त्याच्याकडे गेली.

"दादा, इन्सुलिन सोडलंस आणि मला माइकवरून कळवलंस?"

"चिमणे, आधी सांगितलं असतं तर सोडू दिलं असतंस?"

"मुळीच नाही."

"मग झालं तर!"

पन्नाशी उलटली तरी ती त्याची चिमणीच होती. तो शिवणयंत्रावर अनवाणी बसला होता. पेडल तळव्याला कळलं पाहिजे, बूट घालून शिवतो तो शिंपी नव्हे, असं त्यांचे वडील म्हणायचे. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. कोटाचं माप द्यायला आलेले वकील आणि पडदे शिवायला टाकायला आलेली एक बाई. विषय अर्थातच टी-शर्टवाल्याचा होता.

"माणूस अफाट आहे हो," वकील म्हणाले. "कॉलेज अर्ध्यात सोडलं, आणि बघा कुठे पोचला!"

"अर्ध्यात सोडलेल्या कॉलेजचं कौतुक, आणि पुऱ्या शिकलेल्या डॉक्टरवर संशय," औषधवाली पुटपुटली.

"चोर आहे मेला!" पडदेवाली उसळली. "आधीच्या कंपनीतून माझ्या नणंदेला एका रात्रीत घरी बसवलं. तोंड बघू नये असल्याचं!"

"तुमच्या फोनवर त्याचंच ॲप दिसतंय," औषधवाली म्हणाली.

"ॲप चांगलं आहे ना पण!"

गावात असे दोनच पक्ष होते. एक त्याची आरती करायचा, दुसरा त्याला शिव्या घालायचा, आणि दोन्ही पक्षांची बोटं कॅमेऱ्यावर होती.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती सवयीने दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन खाली वाकली. जमिनीवरच्या टाचण्या गोळा करणं हे लहानपणापासून तिचं काम. पेडलपाशी चुंबक अचानक खेचलं गेलं आणि भावाच्या तळव्याला टक्कन चिकटलं.

"बघा!" भाऊ खूश झाला. "अंगात शक्ती आलीय माझ्या!"

वकिलांनी तर चष्मा काढून पुसला. औषधवालीने पाय उचलून उजेडात धरला. तळव्यात डोक्यापर्यंत रुतलेली टाचणी होती. भोवतीची कातडी जांभळी पडली होती, आणि वास येत होता.

"दादा, हे दुखत नाही तुला?"

"काय दुखत नाही?"

साखरेने पाय बधिर होतात, हे ती रोज गिऱ्हाइकांना सांगायची. तिने पर्समधलं रक्त तपासायचं यंत्र काढलं, तो नको नको म्हणत असताना बोट टोचलं. साखर चारशेच्या वर होती. लगेच त्याच्या फोनवर ॲप उघडलं, तर तिथे एकशे दहा.

"तुझं यंत्र बिघडलंय," भाऊ शांतपणे म्हणाला.

तेव्हा तिने टेबलावरची टाचण्यांची गादी उचलली. लाल मखमलीची, भुसा भरलेली. ती बोटाच्या जागी कॅमेऱ्यावर दाबली. ॲपने विचारलं, आज कसं वाटतंय? तिने 'ताजंतवानं' निवडलं. चक्र फिरलं, हिरवा दिवा लागला. "अभिनंदन! तुमची साखर एकशे नऊ. तुमचं शरीर तुमचे आभार मानत आहे."

पडदेवालीने खो खो हसत फोन काढून चित्रीकरण सुरू केलं.

"आता बघा. तीच गादी, उत्तर बदलते. 'थकवा.'" आकडा एकशे एकतीस आला. "पुन्हा 'ताजंतवानं.'" आकडा उतरला. "कळलं? कॅमेरा काहीच बघत नाही. नाव नोंदवताना ॲप तुम्हालाच विचारतं, मागच्या तपासणीत साखर किती होती. रोज विचारतं, झोप कशी लागली, काय खाल्लं, कसं वाटतंय. तुमचीच उत्तरं घेऊन आकडा बनवतं आणि रोज थोडा थोडा खाली आणतं, म्हणजे माणूस खूश. जुन्या बुवांचे चेले रांगेतल्या लोकांशी गप्पा मारून माहिती काढायचे, मग बुवा मनातलं ओळखायचे. हा तोच बुवा आहे. फक्त चेल्याचा पगार वाचवलाय."

भावाने गादी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"ही रोज माझ्या हातात असते," तो म्हणाला. "माझा घाम उतरला असेल हिच्यात."

"शक्य आहे," वकील म्हणाले.

"दादा!"

"तू इन्सुलिन विकतेस, चिमणे." तो रागाने बोलला नाही, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. "तुला सगळे बुवाच दिसणार."

तिने हातापाया पडून पाहिलं. वहिनीला मध्ये घातलं, भांडली, रडली. डॉक्टरांकडे सोमवारी जाऊ, असं तो म्हणाला, आणि पुढच्या सोमवारीही तेच म्हणाला. जखमेला मलम लावायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचा आणि हिरवा दिवा बघून यंत्रावर बसायचा.

तिकडे पडदेवालीचं चित्रीकरण घरोघरी पोचलं. आता याचं बिंग फुटलं, असं औषधवालीला वाटलं. त्याच आठवड्यात टी-शर्टवाला कॅमेऱ्यासमोर आला, छातीवर लाल मखमली गादी लावून. "मला टोचणाऱ्यांचे आभार!" तो हसत म्हणाला. "चुकतो तोच शिकतो. नव्या आवृत्तीत आमचं ॲप गादी ओळखेल!"

आणि खरंच ओळखायला लागलं. गादी ठेवली की लाल अक्षरं यायची, 'कृपया बोट ठेवा.' बोटाचे आकडे पूर्वीसारखेच उत्तरांवरून बनत होते. "किती दिलदार माणूस," लोक तिच्याच दुकानात उभे राहून म्हणू लागले. "चूक कबूल करायला छाती लागते." शिव्या घालणाऱ्यांनी आणखी शिव्या घातल्या. ज्यांनी नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ॲप घेतलं.

भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पेडलचा पाय.

शुद्धीवर आल्यावर तो रडला. "यंत्र विकून टाका," एवढंच वहिनीला म्हणाला. संध्याकाळी भाऊ-बहीण दोघंच असताना त्याने विचारलं, "चिमणे, खरं सांग. तो माणूस मोठा की चोर?"

"दादा, तो देव असो नाहीतर दरोडेखोर. त्याला ओवाळून तुझा पाय वाचला नसता आणि त्याच्यावर थुंकूनही वाचला नसता. एकच विचारायचं होतं, हा आकडा आला कुठून? रक्त न बघता रक्तातलं कळलं कसं? कुणीही काहीही सांगू दे, मी सांगितलं तरीसुद्धा विचार. विचारायला कॉलेज लागत नाही, पैसे लागत नाहीत. एवढं विचारलं असतंस तर आज यंत्रावर असतास."

त्याने मान हलवली. तिला वाटलं, पटलं. ती पाणी आणायला बाहेर गेली.

परत आली तेव्हा त्याचं बोट कॅमेऱ्यावर होतं. फोन विचारत होता, आज कसं वाटतंय? त्याने थोडा विचार केला आणि 'ताजंतवानं' निवडलं. त्याच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला.

"कमी आलीय बघ," तो म्हणाला. "आणि तुझी गादी ठेवून पाहा हवं तर. आता ते फसत नाही."

"ते नाही रे फसत, दादा," ती म्हणाली, आणि इन्सुलिनची वेळ विचारायला नर्सकडे गेली.